कागदावर 'नाना' आलं म्हणून गप्प बसायचं नसतं : डिसेबिलिटी पेन्शनच्या अपिलाबद्दल

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका मुलाने विचारलंय, त्याचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. वडील १९९५ ला इन्फन्ट्रीत भरती, २४ वर्षं नोकरी करून २०१९ ला हवालदार म्हणून घरी आले. जाताना लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे तब्येतीमुळे खालच्या वर्गात होते म्हणून दोन वर्षांचं एक्स्टेन्शनपण मिळालं नाही. रिलीज मेडिकल बोर्डाने, म्हणजे घरी पाठवताना तपासणाऱ्या डॉक्टरांनी, हायपरटेन्शन (बीपी) ३० टक्के आणि गुडघा २० टक्के लिहिला, दोन्ही मिळून ४० टक्के, आयुष्यभरासाठी. आणि दोन्हीच्या पुढे 'नाना', म्हणजे नोकरीशी संबंध नाही असा शेरा. रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आलं की क्लेम नामंजूर, पटत नसेल तर सहा महिन्यांत अपील करा. वडिलांनी केलं नाही, म्हणाले सरकारशी कोण भांडत बसणार. आता म्हापशाचा कोणीतरी माणूस सांगतोय मी करून देतो, मिळणाऱ्या एरिअर्समधले, म्हणजे मागच्या थकबाकीतले, ४० टक्के माझे. काका, अजून काही होतं का की वेळ गेली?

होतं. वेळ गेलेली नाही, थोडे पैसे गेलेत, ते कसे ते पुढे सांगतो.

आधी माझ्याबद्दल एवढंच की मी वकील नाही. क्लार्क ट्रेडमधून सुभेदार होऊन बाहेर पडलो, नोकरीतली काही वर्षं रेकॉर्ड ऑफिसमध्ये काढली, तेव्हा असली नामंजुरीची पत्रं मीच टाइप करत होतो हे खरं सांगून टाकतो. एक फॉरमॅट असायचा, नंबर-रँक-नाव आणि आजाराचं नाव बदलायचं, खाली साहेबांची सही. त्यामुळे ते पत्र बघून घाबरू नये हे मला पहिल्यापासून माहीत आहे. रिटायर झाल्यावर डिचोली, पेडणे, सत्तरी, फोंडा इकडच्या माजी सैनिकांचे कागद बघत आलोय, काही केसेस जिंकल्या, काही हरल्या, आणि हरलेल्यांनी जास्त शिकवलं.

तर 'नाना' म्हणजे काय. नायदर ॲट्रिब्यूटेबल नॉर ॲग्रेव्हेटेड, म्हणजे हा आजार मिलिटरी सर्व्हिसमुळे झालेला नाही आणि सर्व्हिसमुळे वाढलेलापण नाही. आमच्याकडे जवान गमतीने म्हणतात "माका नाना लागलो". डिसेबिलिटी पेन्शन मिळायला दोन गोष्टी लागतात, एक म्हणजे आजार किंवा इजा सर्व्हिसमुळे झालेली किंवा सर्व्हिसमुळे वाढलेली पाहिजे, दुसरं म्हणजे टक्केवारी २० किंवा त्याच्या वर पाहिजे. तुझ्या वडिलांचं दुसरं आधीच झालेलं आहे, बोर्डानेच ४० टक्के लिहिलंय. म्हणजे भांडण फक्त पहिल्यावर. हे मी मुद्दाम सांगतोय कारण अर्धे लोक चुकीच्या गोष्टीवर अपील करतात. टक्केवारी ठीक असताना "माझा त्रास खूप आहे, टक्केवारी वाढवा" असं चार पानं लिहितात, आणि नाना का चुकीचं आहे यावर एक ओळ नाही. अपील बघणारी कमिटी काय करणार, परत तेच पत्र पाठवते.

उलट ज्याला बोर्डाने ११ ते १४ टक्के किंवा १५ ते १९ टक्के दिलंय आणि तो नॉर्मल रिटायर झालाय, त्याचं भांडण वेगळं. त्याला आधी डॉक्टरांकडूनच टक्केवारी बदलून घ्यावी लागते, म्हणजे रिव्ह्यू किंवा अपील मेडिकल बोर्ड मागायचं, कोर्ट सहसा स्वतः टक्के वाढवत नाही. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१९ मध्ये एका विंग कमांडरच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की २० च्या खाली असेल तर डिसेबिलिटी एलिमेंट (पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग) नाही आणि राउंडिंग (टक्के वरच्या आकड्याला नेणं) पण नाही. पण बोर्डाने ज्याला नोकरीतून काढलंच, म्हणजे इनव्हॅलिड आउट केलं, त्याच्याबाबतीत २०१४ च्या सुखविंदर सिंगच्या निकालात कोर्ट म्हणतं की काढण्याइतकी डिसेबिलिटी असेल तर ती २० टक्क्यांच्या वरचीच धरायची. दोघांना एकाच मापाने मोजू नका, शेजारच्याला मिळालं म्हणून आपल्याला मिळेल असं नसतं.

आता मुख्य गोष्ट, आणि मी येईल त्या प्रत्येकाला हेच सांगतो: अपील लिहायला बसण्याआधी बोर्डाचे पेपर हातात घे. नामंजुरीचं पत्र नव्हे, मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रोसीडिंग, फॉर्मचं नाव एएफएमएसएफ-१६. त्यात एक पान असतं जिथे आजाराच्या नावापुढे ॲट्रिब्यूटेबल हो की नाही, ॲग्रेव्हेटेड हो की नाही, असे रकाने असतात आणि शेवटी कारणाचा रकाना. अख्खी केस त्या एका रकान्यात असते. तिथे काय लिहिलंय ते शब्द न शब्द वाच. बहुतेक वेळा इंग्लिशमध्ये एवढंच असतं की आजार पीस स्टेशनमध्ये, म्हणजे शांत भागातल्या पोस्टिंगमध्ये, सुरू झाला, सर्व्हिसच्या ताणाशी संबंध नाही. किंवा 'लाइफस्टाइल डिसऑर्डर'. किंवा नुसतं 'कॉन्स्टिट्यूशनल', म्हणजे जन्मतःच अंगात होतं म्हणे. जितकं कारण तोकडं तितकी तुझी केस भक्कम.

हे पेपर वडिलांच्या ट्रंकेत असतील तर बरं, आपल्याकडे लोक डिस्चार्ज बुक देव्हाऱ्याच्या कपाटात ठेवतात आणि मेडिकलचे कागद पावसात भिजवून घालवतात. नसतील तर आरटीआय. रेकॉर्ड ऑफिसच्या सीपीआयओच्या, म्हणजे माहिती अधिकाऱ्याच्या नावाने, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं की पुढच्या ३० दिवसांत आरटीआयचं पहिलं अपील. मराठा रेजिमेंटवाल्यांचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, म्हणजे आपल्याला जवळ, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, नेव्हीवाल्या वास्कोच्या पोरांना मुंबईत मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे लिहावं लागतं. अर्ज वडिलांच्याच नावाने आणि सहीने टाकायचा, मुलाने टाकला तर तिसऱ्या माणसाची वैयक्तिक माहिती म्हणून परत येतो, हे मी दोनदा बघितलंय. काय मागायचं तर भरतीच्या वेळचा मेडिकल रिपोर्ट, कॅटेगरी लागली त्या प्रत्येक वेळचा बोर्डाचा फॉर्म एएफएमएसएफ-१५, रिलीज बोर्डाची पूर्ण प्रोसीडिंग, पोस्टिंगचा तपशील पीस-फील्डसकट, इंज्युरी रिपोर्ट, आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असेल तर तिची कॉपी. "सर्व कागदपत्रे द्या" असं लिहू नको, मग ते त्यांच्या मर्जीने दोन कागद देतात.

भरतीचा मेडिकल कशाला, तर सगळा पाया तोच. माणूस १९९५ ला फिट म्हणून घेतला, तेव्हाच्या कागदावर ब्लडप्रेशरची नोंद नाही, मग ते आलं कुठून? २०१३ च्या धरमवीर सिंगच्या निकालात सुप्रीम कोर्टाने हेच धरलं, त्या जवानाला आकडी यायची, भरतीच्या वेळी काही नोंद नव्हती, मग सर्व्हिसमुळे झालं असं मानायचं, नाही म्हणणाऱ्या सरकारने सिद्ध करावं, आणि बोर्डाने कारण दिलं पाहिजे. २०१५ च्या राजबीर सिंगच्या निकालात परत तेच.

पण इथे एक मेख आहे आणि ती एजंट लोक सांगत नाहीत. धरमवीरचा निकाल १९८२ च्या एन्टायटलमेंट रूल्सवर, म्हणजे या पेन्शनचा हक्क ठरवणाऱ्या नियमांवर आहे. तुझे वडील २०१९ ला निघाले म्हणजे त्यांना २००८ चे रूल्स लागतात, आणि त्यात लिहिलंय की आजार नोकरीत असताना दिसला एवढ्यावरून तो नोकरीमुळे झाला असं होत नाही. सरकारी वकील पहिल्या पाच मिनिटांत हेच काढतो. त्यामुळे नुसतं "धरमवीर, धरमवीर" करून भागणार नाही. तरी २००८ च्या रूल्समध्येसुद्धा सर्वसाधारणपणे माजी सैनिकाला पुरावा मागायचा नाही असंच आहे, फक्त निवृत्तीनंतर १५ वर्षं उलटून क्लेम केला तर ओझं त्याच्यावर येतं. तुझ्या वडिलांचे १५ वर्षं २०३४ ला होतात, म्हणजे अजून आत आहोत. आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने डायबेटिसच्या एका केसमध्ये असं म्हटलंय की आजार पीस एरियात सुरू झाला एवढं लिहून नाना देता येत नाही, मग कशामुळे झाला ते बोर्डाने सांगावं. हा निकाल अपिलाला जोड. (सप्टेंबर २०२३ नंतर निघालेल्यांना आता नवीन २०२३ चे रूल्स आहेत, त्यांनी माझं हे उत्तर जसंच्या तसं उचलू नये.)

आता हायपरटेन्शन. डॉक्टर लोकांकडे मिलिटरी पेन्शनसाठी एक गाईड असतं, २००२ चं, २००८ मध्ये सुधारलेलं. त्यात प्रायमरी हायपरटेन्शनबद्दल साधारण असं आहे की सर्व्हिसमुळे 'झाला' असं मानायचंच नाही, पण सर्व्हिसमुळे 'वाढला' का हे बघायलाच पाहिजे, आणि त्यात फील्ड, हाय अल्टिट्यूड, काउंटर इन्सर्जन्सी असल्या ड्युटीचा विचार करायचा. आता हे नीट समजून घे. अपिलात "माझं बीपी मिलिटरीमुळे झालं" असं लिहिलं की तू हरलास, कारण गाईडच नाही म्हणतं. "माझं बीपी सर्व्हिसमुळे वाढलं" असं लिही. पैसे दोन्हीला सारखेच मिळतात, ॲट्रिब्यूटेबल काय आणि ॲग्रेव्हेटेड काय, पेन्शनच्या रकमेत एक रुपयाचा फरक नाही. मग जे सिद्ध होणारं आहे तेच मागावं ना.

तू लिहिलंस की वडील कुपवाड्यात राष्ट्रीय रायफल्समध्ये होते, नंतर सिक्कीमला उंचावर, आणि बीपी सापडलं ते २०१३ ला त्यानंतरच्या पीस स्टेशनमध्ये. बरोबर, असंच होतं. बीपी काय गोळीसारखं लागून रक्त येत नाही, जवान वर पोस्टवर असताना कोण रोज मशीन लावतो? खाली आल्यावर ॲन्युअल मेडिकल होतं आणि तेव्हा सापडतं, आणि बोर्ड लिहितं ऑनसेट पीस. म्हणून पोस्टिंगचा तक्ता कर, कुठल्या साली कुठे, फील्ड की पीस, किती महिने, आणि बीपी सापडण्याआधीच्या चार-पाच वर्षांवर बोट ठेव. बाकी कादंबरी नको. मी बघितलेलं सगळ्यात चांगलं अपील दीड पानाचं होतं, एक तक्ता, बोर्डाच्या कारणातलं एक वाक्य जसंच्या तसं, आणि ते का चुकीचं याचे तीन मुद्दे. देशसेवा, रक्त, मातृभूमी यातलं एक अक्षर नव्हतं. कमिटीतल्या लोकांनीपण वर्दी घातलेली असते, त्यांना ते सांगायची गरज नाही.

एक अडचण आधीच बघून ठेव, कागदावर वजन जास्त लिहिलंय का. 'ओव्हरवेट, डाएट आणि व्यायामाचा सल्ला दिला' अशी ओळ असेल तर समोरचा तीच धरणार. असेल तर लपवू नको, त्या काळातली वजनाची बाकी रेकॉर्ड काढ, बीपी सापडलं तेव्हा वजन नॉर्मल होतं आणि गोळ्या सुरू झाल्यावर, कॅटेगरीमुळे बीपीईटी-पीपीटी (धावण्या-व्यायामाच्या टेस्ट) बंद झाल्यावर वाढलं असं असेल तर ते तारखांनी दाखव.

गुडघ्याचं निराळं आहे. तो आजार नाही, इजा आहे, तिथे गाईड-बिईड बाजूला, प्रश्न एकच की इजा ड्युटीवर झाली का आणि ड्युटीशी संबंध आहे का. तू म्हणतोस युनिटच्या व्हॉलीबॉल मॅचमध्ये झाली. खूप लोकांना वाटतं खेळताना लागलं म्हणजे ड्युटी नाही, म्हणून बोर्डासमोर ते सांगतच नाहीत. चूक. युनिटने आयोजित केलेला किंवा परवानगी दिलेला खेळ, पीटी, परेड हे सगळं ड्युटीच धरतात. इंज्युरी रिपोर्ट म्हणजे आयएएफवाय-२००६ भरला होता का ते बघ, त्यात कमांडिंग ऑफिसरचं मत असतं. भरला नसेल, आणि खूप वेळा भरत नाहीत, एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, क्रेप बँडेज आणि तीन दिवस लाइट ड्युटी एवढ्यावर मिटवतात, तर त्या वेळचा हॉस्पिटलचा डिस्चार्ज स्लिप, पहिल्या कॅटेगरी बोर्डात लिहिलेली हिस्ट्री, यातून दाखवावं लागतं. 'सस्टेन्ड इंज्युरी व्हाइल प्लेइंग व्हॉलीबॉल इन युनिट' असं कुठल्याही जुन्या कागदावर असेल तर ती ओळ सोन्याची.

रजेवर झालेल्या इजेचं विचारतात म्हणून एवढं सांगतो. माझ्याकडे दोन केसेस जवळपास एकाच वर्षी आल्या. एक जण चवथीला सुट्टीवर आलेला, माटोळीचं सामान आणायला बाइकवरून निघाला आणि पडला, पाय मोडला. दुसरा सुट्टी संपवून सरकारी रेल्वे वॉरंटवर परत जात होता, थिवी स्टेशनला गाडीत चढताना पडला. दोघांनाही नाना. दुसऱ्याचं झालं, पहिल्याचं नाही झालं. कारण सरकारी खर्चाने रजेच्या गावाला जाणं आणि परत ड्युटीवर जाणं हा प्रवास रूल्सप्रमाणे ड्युटी धरतात, पण घरच्या कामाला बाहेर पडलास तर सर्व्हिसशी संबंध दाखवता येत नाही. पहिल्याला मी सुरुवातीलाच सांगितलं होतं की यात पैसे घालवू नको, तो ऐकला नाही, अजून बोलत नाही माझ्याशी.

आता वेळेचं. पहिलं अपील सहा महिन्यांत करायचं असतं, ते जातं अपीलेट कमिटी ऑन फर्स्ट अपील्सकडे. तिथे नाही झालं तर परत सहा महिन्यांत दुसरं अपील, सेकंड अपीलेट कमिटी ऑन पेन्शनकडे. त्यानंतर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे एएफटी. २००७ चा कायदा, २००९ पासून चालू, गोव्याला मुंबई बेंच लागते, महाराष्ट्र-गुजरातसोबत. माजी सैनिक जिथे राहतो तिथल्या बेंचला केस टाकता येते, त्यामुळे दिल्लीला जावं लागतं असं कोणी सांगितलं तर समज त्याला दिल्लीचा वकील गाठून द्यायचाय.

तुझ्या वडिलांचे सहा महिने कधीच गेले. तरी मी आधी पहिलं अपील रजिस्टर पोस्टाने टाकायला सांगतो, उशीर माफ करा अशा अर्जासकट, उशिराचं कारण खरं लिहायचं, कागद नव्हते, माहिती नव्हती, आजारपण, जे असेल ते. ते घेतील नाहीतर मुदत गेली म्हणून परत करतील, दोन्हीत आपल्या हाती एक कागद येतो. कारण एएफटीच्या कायद्यात असं आहे की आधीचे उपाय करून या, आणि अपील करून सहा महिने काही उत्तरच आलं नाही तर उपाय संपले असं धरतात. म्हणजे त्यांचं गप्प बसणंसुद्धा आपल्या कामाचं. पोस्टाची पावती आणि ट्रॅकिंगचा प्रिंट जपून ठेव, तो प्रिंट त्याच आठवड्यात काढ, नंतर वेबसाइटवर दिसत नाही.

एएफटीत उशीर माफीचा वेगळा अर्ज केसबरोबर जातो. पेन्शन हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय मानतात, त्यामुळे उशिरामुळे केस सहसा फेकत नाहीत, पण पैसे कापतात. २००८ च्या तरसेम सिंगच्या निकालापासून नियम असा पडलाय की केस टाकायच्या आधीच्या तीन वर्षांचेच एरिअर्स. म्हणजे तू आज केस टाकलीस तर २०१९ पासूनचे नाही मिळणार, तीन वर्षं मागचे मिळतील आणि पुढे आयुष्यभर. वर म्हटलं ना थोडे पैसे गेलेत, ते हे. आणि ह्याचा अर्थ असा की बसून राहिलास तर दर महिन्याला मागचा एक महिना गळतो. म्हणून अपिलाच्या उत्तराची सहा महिन्यांपेक्षा जास्त वाट बघायची नाही.

किती मिळेल ते पण विचारलंयस. ढोबळ हिशेब सांगतो. १०० टक्के डिसेबिलिटीला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के डिसेबिलिटी एलिमेंट, त्याच्या खाली त्या प्रमाणात. समज धरायचा पगार ४०,००० होता, तर १०० टक्क्यांचे १२,००० आणि ४० टक्क्यांचे ४,८००. पण राउंडिंग असतं, त्याला ब्रॉड बँडिंग म्हणतात, ५० च्या खालचे सगळे ५० धरतात, ५० ते ७५ वाले ७५, त्याच्या वरचे १००. मग ४० चे झाले ५०, म्हणजे ६,०००. त्यावर डिअरनेस रिलीफ, म्हणजे महागाईचे पैसे, वेगळे. हे नेहमीच्या सर्व्हिस पेन्शनच्या वर मिळतं, त्यातून काही कापत नाहीत. आधी सरकार म्हणायचं राउंडिंग फक्त इनव्हॅलिड आउट झालेल्यांना, पण १० डिसेंबर २०१४ ला राम अवतारच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने नॉर्मल रिटायर होणाऱ्यांनापण दिलं. केसच्या मागणीत राउंडिंग वेगळं लिहायला विसरू नको, वकील विसरतात, आणि मग ऑर्डर येते ४० टक्क्यांची आणि परत एक केस.

आता त्या ४० टक्के हिस्सा मागणाऱ्या म्हापशाच्या माणसाचं. तो वकील असेल तर बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे निकालाच्या पैशात हिस्सा मागणं त्याला मनाई आहे, आणि वकील नसेल तर तो एएफटीत उभाच राहू शकत नाही, मग ४० टक्के कशाचे? ठरलेली फी घेणारे चांगले वकील मुंबईत आहेत, रक्कम लिहून घ्यायची आणि टप्प्याटप्प्याने द्यायची. आणि एक नवीन आहे ते बऱ्याच जणांना माहीत नाही, २६ जुलै २०२५ ला, कारगिल विजय दिवसाला, नाल्साने, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, वीर परिवार सहायता योजना सुरू केली, सैनिक बोर्डांमध्ये कायदेशीर मदतीची क्लिनिक चालवायची अशी. पणजीच्या सैनिक कल्याण खात्यात जाऊन विचार. शिवाय अपंग व्यक्तीला १९८७ च्या कायद्याप्रमाणे फुकट वकील मिळू शकतो. फुकटचा वकील म्हणजे वाईटच असं नसतं, फक्त पेपर तू तयार करून दिले पाहिजेत, जे तसे पैसे देऊनपण करावंच लागतं.

पर्वरीच्या हायकोर्टात सरळ जाता येत नाही का, हे प्रत्येक जण विचारतो कारण मुंबई म्हणजे कोकणकन्येत एक रात्र आणि परत एक रात्र. सरळ नाही, आधी एएफटी. एएफटीत हरलास तर मात्र हायकोर्टात रिट करता येते, मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते परत मोकळं केलं, मधली काही वर्षं तो रस्ता बंदच झाल्यासारखा होता. प्रत्येक तारखेला वडिलांना न्यायची गरज नाही, बहुतेक काम कागदावर चालतं. वेळ मात्र लागतो, बेंचवर एक न्यायाधीश आणि एक माजी सेनाधिकारी असे दोघं लागतात, त्यातली एखादी खुर्ची रिकामी राहिली की तारखांवर तारखा.

हरायची शक्यतापण सांगतो. २०१९ मध्ये नरसिंग यादवच्या केसमध्ये, स्किझोफ्रेनिया होता, सुप्रीम कोर्टाने बोर्डाच्या मताला वजन देऊन जवानाला नाही म्हटलं. बोर्डाने नीट, कारणांसकट, केसपुरतं लिहिलेलं असेल तर कोर्ट त्यात हात घालायला कचरतं. म्हणून म्हणतो तो कारणाचा रकाना आधी वाच आणि मगच खर्च कर. तुझ्या दोन्हीत मला गुडघा जास्त भक्कम वाटतो, एकही जुना कागद सापडला तर. आणि गुडघा एकटाच मान्य झाला तरी तो २० टक्के आहे, म्हणजे काठावर पास, आणि राउंडिंगने तोही ५० होतो. हिशेब केलास तर कळेल, दोन्ही मिळून ४० चे ५० आणि एकट्या गुडघ्याचे २० चेपण ५०. म्हणून अपिलात दोन्ही वेगवेगळ्या परिच्छेदात मांड, एक पडलं तर दुसरं त्याच्यासोबत बुडता कामा नये.

वडील म्हणतात की बोर्डाच्या कागदावर मी सही केलीय, आता कसं बोलू. अरे, सही सगळेच करतात, त्या दिवशी माणसाला फक्त घरी जायचं असतं, क्लिअरन्सच्या चिठ्ठ्या घेऊन तो या खिडकीतून त्या खिडकीत पळत असतो. त्या सहीने क्लेम सोडला असं होत नाही.

जिंकल्यावरपण काम संपत नाही. ऑर्डरमध्ये मुदत असते, ती उलटली तरी पैसे येत नाहीत, मग अंमलबजावणीसाठी वेगळा अर्ज. शेवटी प्रयागराजच्या पेन्शन ऑफिसकडून स्पर्शवर, म्हणजे डिफेन्स पेन्शनच्या वेबसाइटवर, सुधारित पीपीओ (पेन्शनचा आदेश) पडतो, त्यात टक्केवारी, राउंडिंग आणि सुरू व्हायची तारीख तिन्ही तपास. आणि वडिलांचं स्पर्शवरचं लाइफ सर्टिफिकेट वेळेवर आहे ना ते आत्ताच बघ, केस चालू असताना चालू पेन्शनच थांबलेले लोक मी बघितलेत.

तर या आठवड्यात आरटीआय टाक, वडिलांच्या सहीने. ट्रंकेत जे सापडेल त्याची झेरॉक्स काढ, ओरिजिनल कोणालाही देऊ नको, मलापण नको. कागद आले की वडिलांना घेऊन डिचोलीला ये, कुठल्यापण दिवशी चार वाजल्यानंतर, फक्त शुक्रवारी नको, शुक्रवारी मी म्हापशाच्या बाजारात असतो.